उकिरड्याचे पांग



मंडळाला पंचवीस वर्षे झाली म्हणून स्मरणिका निघते आहे, तरी तुम्ही काहीतरी इतिहासाचे लिहून द्या, असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या खानदेशातल्या गावी पुढची शाळा नव्हती, आणि तालुक्याला मुलीला कोण पाठविणार? देवी अहिल्याबाईंवर, राजवाड्यावर, लालबागेवर लिहिणाऱ्या शिकलेल्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या पंगतीत मी काय वाढणार? पण मग मनात आले की एक विषय असा आहे, ज्यावर माझ्याशिवाय दुसरे कोणी लिहिणार नाही. तो म्हणजे मंडळाच्या मागल्या अंगणातला आपला खतखड्डा.

हसू नका. येत्या वार्षिक सभेत हा खड्डा बुजवून तेथे फरशी बसवावी व गाड्या लावण्यास जागा करावी, असा ठराव यावयाचा आहे. सभेचे मत होईल ते होवो. पण ज्याला मूठमाती द्यावयाची त्याची कुळकथा निदान ऐकून घ्यावी की नाही? आणि या खड्ड्याचे कूळ साधेसुधे नाही. साऱ्या जगात ही खतपद्धत ज्या नावाने ओळखली जाते, ते नाव आपल्याच गावाचे आहे. तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. मी सत्तावीस वर्षे या गावात सून म्हणून नांदते आहे, आणि हे मला कळले तीन वर्षांपूर्वी, तेही माझी मुलगी शेतकी शिकू लागली म्हणून.

माहेरी आमचा उकिरडा गोठ्याच्या मागे, घरापासून वीस पावलांवर होता. पहाटे माय शेणाची पाटी डोक्यावर घेऊन निघे, तिच्यामागे मी चुलीतली राख सुपात घेऊन. शेण, राख, गुरांनी टाकलेली वैरण, केरवारा, भाजीची देठे, सगळे त्यावर पडे. दिवाळीत दारात पणत्या लागल्या की माय एक पणती उकिरड्यावरही ठेवी. मी एकदा विचारले, "माय, घाणीला कशाला दिवा?" ती म्हणाली, "घाण कोन म्हनते? वर्षभराचं खानं तिथंच शिजतं." वैशाखात गाड्या भरून ते गावखत शेतात जाई. माझ्या आईला लिहिता येत नव्हते. पण पुढे मोठमोठ्या विद्वानांनी जे छापले त्यातले अर्धे तरी ती त्या एका वाक्यात सांगून गेली, असे मला आता वाटते. अर्धे म्हणण्याचे कारण, आमच्या उकिरड्यातही खोट होती. उन्हात तो वाळून जाई, पावसात धुपून जाई, आणि त्याचा कस पाण्याबरोबर नाल्यात जाई. ते पुढे सांगते.

जमिनीतून घेतले ते जमिनीला परत द्यावे, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. 'कृषिपराशर' नावाच्या जुन्या संस्कृत ग्रंथात माघात शेणाचा ढीग उकरून, वाळवून, बारीक करून, फाल्गुनात शेतातल्या खड्ड्यांत भरून ठेवण्याची रीत सांगितली आहे. आपल्या मराठीत महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडेमुंगी कुजून पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येत व शेते खतावली जात, तो ओघ कसा तुटला, आणि तो कस वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे कसे घालावेत, हे त्यांनी त्यात लिहून ठेवले आहे. मुलीने तो भाग मला दोनदा वाचून दाखविला. एवढे साधे कोणी लिहिल्यावर सरकारला ते समजले नाही असे म्हणवत नाही.

पुढे १८८९ साली विलायत सरकारने व्होल्कर नावाचे एक रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानची शेती पाहण्यास धाडले. त्यांचा अहवाल १८९३ साली निघाला. येथील शेतकरी अडाणी आहे असे त्यांनी लिहिले असेल असे मला वाटले होते. तसे नाही. चांगला रयत इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरस आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. त्यांची तक्रार एकच होती. शेण जळते. ते जमिनीत जावयाचे ते चुलीत जाते. त्यावर त्यांनीच उपाय सांगितला की रयतेला सरपण द्या, त्यासाठी झाडे लावा, म्हणजे शेण शेताला जाईल. मी स्वतः गोवऱ्या थापलेल्या आहेत, तेव्हा हे पटते. हौसेने कोण शेण जाळते? भात शिजवावयाचा तर काहीतरी जाळावेच लागते. तो दोष शेतकऱ्याच्या बायकोचा, असे म्हणणारे मागाहून खूप झाले. व्होल्करसाहेबांनी तसे म्हटले नाही, याचे मला बरे वाटले.

आता आपल्या गावाकडे येते.

गेल्या शतकाच्या आरंभी इंदुरात प्लेगाने कहर केला होता. होळकर दरबाराने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडीस या स्कॉच पंडितांना बोलाविले. त्यांनी रोग्यांच्या याद्या करण्याआधी गल्ल्या पायी हिंडून पाहिल्या. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी एक मौजेची गोष्ट केली. नेहमीच्या मिरवणुकीऐवजी त्यांनी स्वच्छतेची मिरवणूक काढली. ज्या भागातली घरे व गल्ल्या सर्वांत स्वच्छ, त्या भागातून ती जाणार असे जाहीर झाले. मग काय, प्रत्येक आळी झाडूनपुसून तयार! गाड्याच्या गाड्या भरून केर निघाला. मिरवणुकीत सफाई करणारी माणसे नवे कपडे घालून, फुलांनी सजून मानाने चालली. घाणीचा एक राक्षस व प्लेगचा एक मोठा उंदीर केला होता, त्यांचे शेवटी दहन झाले. आणि लोकांना मातीच्या कुंड्यांतून तुळशीची रोपे वाटली गेली. केर काढून झाल्यावर रोप देण्याची ही कल्पना ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली त्याला संसार कळत होता. १९१८ साली गेडीस यांचा अहवाल दोन भागांत निघाला. गावाची घाण नदीत न सोडता बागांना द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. कान्ह नदीकडे पाहिले म्हणजे तो किती मानला गेला हे कळतेच. असो.

गेडीस गेल्यावर थोड्याच वर्षांनी, १९२४ साली, आल्बर्ट हॉवर्ड इंदुरास आले. हे जन्माने इंग्रज शेतकऱ्याचे पुत्र. आधी वेस्ट इंडीजमध्ये उसाच्या रोगांवर काम, मग १९०५ पासून बिहारात पुसा येथे सरकारी वनस्पतितज्ज्ञ. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही तशाच विदुषी, वनस्पतिशास्त्रच शिकलेल्या. दोघांनी मिळून गव्हाच्या नव्या जाती काढल्या, त्या उत्तर हिंदुस्थानात पुष्कळ पेरल्या गेल्या. पण पुशाला त्यांचे मन रमेना. तेथे एकाने पान पाहावयाचे, दुसऱ्याने कीड, तिसऱ्याने माती, आणि पिकाकडे सबंध पाहावयाचे कोणी नाही. आमच्या मुलीने हे वाचले तेव्हा मी म्हटले, हे म्हणजे एकीने मीठ घालायचे, दुसरीने फोडणी, आणि चव कोणी घ्यायची नाही, असा स्वयंपाक! हॉवर्ड मात्र उलट शिकले. कीड व रोग हे आपले गुरुजी, आणि अवतीभवतीचे शेतकरीही गुरुजी, असे ते म्हणत. कीड लागली तर पिकाचे काय चुकले ते ती दाखविते, तिला मारून टाकणे म्हणजे मास्तरांना वर्गाबाहेर घालविणे, असा त्यांचा विचार.

इंदुरात होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, कापूस समितीने व मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांनी पैसा दिला, आणि वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. त्याच आवारात पुढे १९५९ साली कृषी महाविद्यालय निघाले. माझी मुलगी तेथेच शिकते.

या संस्थेत काम करणाऱ्या मजुरांना दिवसाला सहा तासच काम होते, दुपारच्या उन्हात सुट्टी असे व पगार वेळच्या वेळी मिळे. हॉवर्डनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. कामाचे तास कमी केले तरी काम कमी झाले नाही, असेही त्यांचे म्हणणे. खताच्या इतिहासात हे कशाला, असे कोणी म्हणेल. मला ते महत्त्वाचे वाटते. खड्डे काही साहेबांनी पालटले नव्हते.

मग ही इंदूर पद्धत म्हणजे काय? आमच्या मायच्या उकिरड्याला थोडे शिस्तीत बसविले, की झाली इंदूर पद्धत. शिस्त मात्र कडक आहे.

गुरांखाली अंथरूण म्हणून शेतातला सगळा पालापाचोळा, तण, काडीकचरा पसरावयाचा. गुरे त्यावर रात्रभर बसतात, तुडवितात, त्यावर शेणमूत्र पडते. पऱ्हाट्या व तुराट्या कठीण, त्या कुजता कुजत नाहीत. तर त्या आधी वाटेवर पसरून ठेवावयाच्या, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आपोआप चुरून निघतात. गोठ्याची जमीन फरसबंद न करता मातीचीच ठेवावयाची. ती मूत्र पिऊन घेते. मग दर तीन-चार महिन्यांनी ती वरची माती खणून काढावयाची, कुटावयाची व खतात घालावयाची आणि गोठ्यात नवी माती टाकावयाची. आमच्याकडे गोमूत्र नाल्यात वाहून जाई, म्हणजे खताचा अर्क फेकून चोथा ठेवण्यासारखे. ही आमच्या उकिरड्याची पहिली खोट.

खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, आणि खोल मात्र फक्त २ फूट. इतका उथळ का? कारण खताला हवा लागते. त्यात पालापाचोळा, शेणाचा काला, मूत्रमाती व लाकडाची राख यांचे थर द्यावयाचे, पाणी शिंपडावयाचे, तुडवावयाचे मात्र नाही. दोन-चार दिवसांत खड्डा तापतो, ६५ अंशापर्यंत जातो. वाफा येतात. तणाचे बी, माशीची अंडी त्या उष्णतेत मरतात. आधी पांढरी बुरशी काम करते, मग डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू. पंधरा दिवसांनी एकदा पालटावयाचे, आणखी पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा, मग महिन्याने तिसऱ्यांदा. नव्वद दिवसांनी काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास असलेले खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग घालावयाचे, खाली ८ फूट, वर ७ फूट व उंची २ फूट. आमच्या उकिरड्याला हे माहीतच नव्हते. तो बारा महिने तेथल्या तेथेच. ही दुसरी खोट.

यात आणखी एक मर्म आहे. सुका पालापाचोळा हा खताचा भात, आणि शेण-मूत्र-हिरवा पाला ही डाळ. कोणतेही एक जास्त झाले की बिघडते. शास्त्राच्या भाषेत सुरुवातीला कर्ब ३३ व नत्र १ असे प्रमाण असावे, आणि पिकल्यावर ते १० ला १ वर येते. मुलीने हे आकडे सांगितले तेव्हा मला काही उमजले नाही. डाळभाताचे उदाहरण मीच काढले, आणि तिच्या मास्तरांना ते आवडले, असे ती म्हणते. खरे-खोटे तिला ठाऊक.

यात शेण थोडेच पुरते. सगळे शेण ओतावयाची गरज नाही. म्हणजे चुलीसाठी चार गोवऱ्या थापल्या तरी चालते. व्होल्करसाहेबांनी विचारलेल्या प्रश्नाला चाळीस वर्षांनी हे उत्तर मिळाले.

हे सारे १९३१ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यावर दोन नावे आहेत, आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड. हे वाड संस्थेत हॉवर्ड यांचे मुख्य साहाय्यक होते. खड्ड्यांचे उष्णतामान रोज कोणी टिपले असेल, कोणता थर किती इंच हे कोणी पाहिले असेल, याची कल्पना करता येते. हॉवर्डना १९३४ साली 'सर' किताब मिळाला, जगात नाव झाले. वाडांचे नाव आज खुद्द इंदुरात किती जणांना ठाऊक आहे? आपल्या मराठी वस्तीत मी दहा जणींना विचारले, एकीलाही ठाऊक नव्हते. मलाही नव्हतेच. हॉवर्डनी मात्र पुस्तकावर त्यांचे नाव घातले, हे सांगितले पाहिजे. तेवढे औदार्यही त्या काळी सर्रास नव्हते.

आणि गॅब्रिएलबाई? पंचवीस वर्षे नवऱ्याच्या बरोबरीने शेतात व प्रयोगशाळेत काम करून त्या १९३० साली वारल्या. पुस्तक हाती पडण्यास एक वर्ष राहिले होते. १९४० साली हॉवर्डनी आपला मोठा ग्रंथ लिहिला तो त्यांनाच अर्पण केला. अशीच आणखी एक गोष्ट. किंग नावाचे अमेरिकन प्राध्यापक १९०९ साली चीन, कोरिया, जपान हिंडून आले. चार हजार वर्षे एकच जमीन कसून ती थकत कशी नाही, हे त्यांना पाहावयाचे होते. तेथे केराचा व मैल्याचा कणही वाया जात नसे. पुस्तक पुरे होण्याआधीच ते १९११ साली गेले, आणि त्यांच्या पत्नीने ते पुरे करून छापविले. ते पुस्तक हॉवर्डना फार मोलाचे वाटे. तेव्हा जगातल्या खताच्या इतिहासात बायका जागोजाग आहेत, फक्त शेवटच्या पानावर आहेत.

१९३५ च्या एप्रिलात हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदुरास आले, तेव्हा त्यांनी ही खत करण्याची रीत मुद्दाम पाहिली व पुढे आपल्या 'हरिजन' पत्रातून लोकांपुढे मांडली. तिकडे चहाच्या मळ्यांत, आफ्रिकेतल्या कॉफीच्या बागांत इंदूर पद्धत पोचली होती.

शहरांसाठी आणखी एक पद्धत निघाली. १९३९ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आचार्य नावाच्या शास्त्रज्ञांनी ती काढली. चरात केराचा एक थर, मैल्याचा एक थर असे घालून वरून मातीने लिंपून टाकावयाचे. पालटणे नाही. सहा-आठ महिन्यांत खत तयार. 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेत नगरपालिकांनी ही पद्धत पुष्कळ वापरली.

येथे एक गोष्ट लिहिताना हात अडतो, पण गाळणे बरे नाही. मैल्याच्या खताला मराठीत आपण 'सोनखत' म्हणतो. नाव किती सुंदर! पण ते सोने डोक्यावरून कोणी वाहिले? एकाच जातीच्या बायाबापड्यांनी, पिढ्यान् पिढ्या. ऊस गोड लागला तो इतरांना. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांना हे सहन झाले नाही. ते शिकलेले, ब्राह्मण. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला करू द्यावे म्हणून त्यांनी उपास मांडला, आणि येरवड्याहून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास केला. पुढे १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम काढून त्यांनी असे सोपे संडास बसविले की मैला कोणाला हाताने उचलावा न लागता जागच्या जागी खत होई. मैला हाताने वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा १९९३ साली झाला व अधिक कडक कायदा २०१३ साली. म्हणजे अप्पासाहेबांनंतर किती वर्षांनी, ते तुम्हीच मोजा.

१९५१ साली सिंद्रीचा खतकारखाना सुरू झाला. पोत्यातले पांढरे खत गावोगाव आले. त्याला मी नावे ठेवणार नाही. माझ्या वडिलांनी कपाशीला तेच घातले, आणि त्या पैशांतच माझे लग्न झाले. पण पोते आले तसा उकिरडा मागे पडला. बैल गेले, ट्रॅक्टर आला, मग शेण कोठून? आमच्या माहेरच्या उकिरड्याच्या जागी आता भावाची मोटरसायकल उभी असते. आणि शहरात केर म्हणजे गावाबाहेर नेऊन ओतावयाची वस्तू झाली. आपल्या देवगुराडियाचे डोंगर आठवतात ना? केराचे डोंगर म्हणते मी. पावसाळ्यात त्या रस्त्याने जाताना पदर नाकाला लावावा लागे. ज्या गावाने जगाला खत करावयास शिकविले त्याच गावाचा केर कुजत पडला होता.

पुढचे तुम्हा सर्वांच्या डोळ्यांदेखतचे आहे. घरोघर गाडी येऊ लागली, ओला-सुका वेगळा झाला, २०१७ साली इंदूर देशात स्वच्छतेत पहिले आले, आणि पुढची कित्येक वर्षे पहिलेच राहिले. देवगुराडियाचे डोंगर उपसले गेले. २०२२ च्या फेब्रुवारीत रोज ५५० टन ओल्या केरापासून गॅस करणारा कारखाना सुरू झाला, आणि आपण बसमध्ये बसतो ती त्या गॅसवरही चालते. गेडीससाहेबांची दिवाळी १९१७ ची. उकिरड्याचे पांग बारा वर्षांनी फिटतात म्हणतात, येथे बरोबर शंभर लागली.

यावरच आपल्यापैकी काही जणींचा आक्षेप आहे. "गाडी दारात येते, मग खड्डा कशाला?" आक्षेप खोटा नाही. मी स्वतः गाडीत केर टाकते. पण माझे म्हणणे एवढेच की मंडळाच्या अंगणातली कडुनिंबाची व आंब्याची पाने आपण पोत्यात भरून गाडीला देतो, आणि मग कुंड्यांसाठी रोपवाटिकेतून खताची पिशवी विकत आणतो. गेल्या वर्षीच्या हिशेबात तो खर्च आहे, खजिनदारबाईंना विचारा.

आता खड्ड्याच्या वासाबद्दल. तीन वर्षांपूर्वी मी मोठ्या उत्साहाने तो खणविला. चार फूट खोल, कारण मला वाटले खोल तितके चांगले. त्यात आपण सगळ्यांनी उष्टे, खरकटे, आंबट झालेली डाळ, भाजीची साले आणून टाकली. सुका पाला कोणी टाकला नाही. पालटले कोणी नाही. आषाढात त्यात पाणी भरले. मग जे व्हायचे तेच झाले. माशा, अळ्या, वास. मागल्या बाजूच्या शेजारणीने भिंतीवरून मला जे ऐकविले ते मी येथे लिहीत नाही, पण तिचे चुकले नव्हते. सासूबाई तर म्हणाल्या, "खेड्यातून आलीस, उकिरडा बरोबर घेऊन आलीस." ते मला लागले. दोन दिवस जेवण गेले नाही. चूक माझी होती, खड्ड्याची नव्हती, हे तेव्हा मला तरी कोठे माहीत होते?

मग एका रात्री मेथी निवडीत बसले असता मुलीने हॉवर्ड-वाडांचे पुस्तक मराठीत सांगत सांगत वाचावयास घेतले. उथळ खड्डा का, पावसाळ्यात ढीग का, हवा गेली नाही तर वास का सुटतो, हे ऐकता ऐकता माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. आपण केलेली एकूण एक चूक त्यात ९० वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती, आणि लिहिली होती ती येथून चार मैलांवर बसून!

दुसऱ्या दिवसापासून खड्डा अर्धा बुजविला. दोन फूटच ठेवला. ओल्या केरावर तिप्पट सुका पाला, वर गोशाळेतल्या शेणाचा काला, मूठभर राख आणि माती. शिजवलेले उष्टे बंद, ते गाडीला. पावसाळ्यात ओट्याच्या आडोशाला ढीग. पंधरा दिवसांनी पालटावयास गेले तो फावडे घातल्याबरोबर वाफ आली. मी हात लावून पाहिला, चटका बसला. सासूबाई काठी टेकत पाहावयास आल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी आपल्या तुळशीची कुंडी माझ्यापुढे सरकविली व म्हणाल्या, "हिला घाल जरा." त्या गेल्या वर्षी वारल्या. तुळस आहे.

त्या शेजारणीलाही मी पहिल्या खेपेचे खत नेऊन दिले होते. तिचा मोगरा यंदा कसा फुलला ते भिंतीवरून सर्वांनाच दिसतो. तिने ठरावावर सही केलेली आहे, तीही खरी. गाडी लावावयास जागा तिलाही हवी आहे. दोन्ही गोष्टी एका माणसात असतात, त्याचे मला काही वाटत नाही.

दसऱ्यानंतर भरलेला खड्डा तीनदा पालटून झाला आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी आठ वाजता तो उघडावयाचा आहे, आणि सभा त्याच्या पुढच्या रविवारी आहे. मत कसेही द्या, पण आधी एकदा येऊन खत हातात घेऊन पाहा. येताना आपापली पिशवी व चाळणी आणावी. मागल्या खेपेस माझी दोन घमेली कोणाकडे गेली ती अजून परत आलेली नाहीत.